कुंभारजुवेचा अनुस्वार नेमका कोणाचा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी बाणस्तारीहून घरी येताना रस्त्याच्या कडेला एक मोठा फ्लेक्स बघितला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. कार्यक्रम कोणाचा होता ते लिहीत नाही, कारण तसले बॅनर माझ्याही दुकानातून गेलेले आहेत. त्यावर 'कुंभारजुवे' असं चांगलं तीन फूट उंच, जाडजूड, पुढे झुकलेल्या अक्षरात होतं, लाल रंग आणि त्याला पिवळी आउटलाइन. लांबून बघितलं तर जोरदार. जवळ आल्यावर बघते तर 'कुं'वरचा अनुस्वार 'क' आणि 'भ'च्या मध्ये लोंबकळतोय, त्याच्यावरून सरळ खाली नजर सोडली तर ती 'भ'च्या पोटात उतरते. 'जु'चा उकार मागच्या 'र'च्या पायाखाली गेलेला. आणि 'वे'वरची मात्रा, जी खरं तर डावीकडे कलती असते, ती भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी ताठ उभी. एका गावाच्या नावात तीन जखमा, आणि हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, कॉम्प्युटरवर अक्षर नुसतं ओढून तिरपं केलं की हे आपोआप होतं.

मी माशेलला गेली २४ वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं, आणि बॅनरचं काम करते. त्याच्या आधी आमच्या घरात ब्रशचं काम होतं. माझे सासरे पेंटर, आम्ही सगळी त्यांना बाबाच म्हणायचो, बसवरची नावं, दुकानांचे बोर्ड, जत्रेतल्या नाटकांचे कापडी बॅनर, क्लबांच्या भिंती, असं सगळं त्यांनी हाताने केलं. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरातलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, मी फक्त रंगाचे डबे धरायचे. जे शिकले ते बघून बघून.

एक गोष्ट आधीच सांगते, तिरप्या जाड अक्षराबद्दल माझी तक्रार नाही, उलट मला ते फार आवडतं. बोल्ड इटॅलिक म्हणतात त्याला, आणि टोकाला शेपट्या-बिपट्या नसलेलं, साधं, सरळ कापलेलं असेल तर सॅन्स सेरिफ. असलं अक्षर मोठ्या साइझलाच वापरायचं असतं म्हणून डिस्प्ले. नाव इंग्रजी असलं तरी आपल्या गोव्यात ते कोणाला नवीन नाही. माशेल-पणजी रस्त्यावर उभं राहा, समोरून प्रायव्हेट बस येते, काचेच्या वरच्या पट्टीवर तिचं नाव, देवाचं नाहीतर मालकाच्या मुलीचं, जाड आणि पुढे झुकलेलं. बस थांबलेली असली तरी नाव धावत असतं. पळणारा माणूस पुढे वाकतो तसं ते अक्षर वाकलेलं असतं आणि आपण डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून उजवीकडे वाकलेलं अक्षर आपल्याला पुढे निघालेलं वाटतं, त्याला दुसरं काही कारण लागत नाही. फुटबॉलच्या जर्सीवर, गाड्यांवर, शर्यतीच्या पोस्टरवर, सेलच्या बोर्डावर जगभर तेच अक्षर दिसतं ते ह्याचसाठी.

आता बाबा ते कसं काढायचे ते सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे.

आधी खडू लावलेली दोरी. दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची आणि मधून उचलून सोडायची, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. अशा दोन आडव्या रेघा, एक शिरोरेषेची, एक पायाची. मग ते पट्टीने तिरप्या रेघा मारायचे, सगळ्या एकाच कलाने, बोटभर अंतरावर, पूर्ण पत्र्यावर, आणि दर वेळी तेवढाच कल. कोनमापक त्यांनी कधी हातात धरला नाही. नंतर अक्षरांचे दंड, म्हणजे उभे काने, त्या तिरप्या रेघांवर बसवायचे. पण, आणि हे मला समजायला दोनेक वर्षं लागली, सगळंच ते त्या रेघांवर बसवत नसत. मात्रा आणि वेलांटी काढताना ते रेघांकडे बघतच नसत. मात्रा आपल्या मूळच्या कलानेच, डावीकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, माणूस पळायला लागला तर टोपी मागेच उडणार ना. अनुस्वार ते नेहमी थोडा मागे ओढून घ्यायचे, ज्याचा आहे त्याच्याच डोक्यावर राहील असा. उकार थोडा पुढे ढकलायचे. शिरोरेषा दंडापेक्षा किंचित बारीक ठेवायचे. आणि 'ष', 'ध', 'ख', 'झ' असल्या अक्षरांची पोटं ते मुद्दाम मोठी ठेवायचे, कारण जाड ब्रशने ती बुजतात आणि धुळीच्या रस्त्यावरून लांबून बघितलं तर नुसता ठिपका दिसतो. 'क्ष' काढताना तर ते श्वास धरून काढायचे. शेवटी सावली, डाव्या बाजूला खाली, आणि बसचं काम असेल तर पहिल्या अक्षराची शिरोरेषा मागे खेचून तिला दोन-तीन वाऱ्यासारख्या रेघा.

ह्यातली एकही गोष्ट कॉम्प्युटर करत नाही. तो काय करतो? कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरावर एकदा क्लिक केलं की ते सिलेक्ट होतं, परत क्लिक केलं की कडेला बाण येतात, वरचा मधला बाण धरून उजवीकडे ओढायचा, झालं तिरपं. जाड करायचं तर त्याच रंगाची आउटलाइन द्यायची, दोन पॉइंट, चार पॉइंट, गिऱ्हाईक म्हणेल तेवढी. पाच सेकंदांचं काम. मी हजारो वेळा केलंय, म्हणून सांगते, पाच सेकंदच लागतात. वर्डमध्ये तर तेही नाही, नुसतं 'I'चं बटण दाबायचं. त्या फॉन्टमध्ये इटॅलिक काढलेलं असेल तर ते येतं, नसेल तर मशीन बिचारं सरळ अक्षरच ढकलून तिरपं करून देतं आणि आपल्याला कळतही नाही की हे कोणी काढलेलं नाही म्हणून.

ढकलल्याने काय बिघडतं त्याचा हिशोब सोपा आहे. समजा अक्षर २० अंशांनी ओढलं. उभा दंड तिरपा झाला की त्याची खरी जाडी कमी होते, २० अंशांना साधारण ६ टक्के. शिरोरेषा आडवी, तिची जाडी आहे तेवढीच राहते. म्हणजे वरचं आडवं जड आणि खालचे दंड हडकुळे, अक्षर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसतं. गोल असेल तर त्याचं अंडं होतं, एका तिरक्या बाजूला जाड, दुसरीकडे बारीक, 'ठ' आणि 'ळ' काढून बघा लगेच दिसेल. आणि तीन फुटी अक्षराचं वरचं टोक एक फुटाहून जास्त पुढे सरकतं, मग ओळ बॅनरमध्ये मावत नाही, मग आम्ही डीटीपीवाले ती कडेने दाबून मावेल एवढी करतो, म्हणजे आधीच हडकुळे झालेले दंड आणखी बारीक. त्यावर आउटलाइन दिली की सगळी पोटं बुजली. रोमन अक्षरं हे सगळं थोडंफार सोसतात. देवनागरी नाही सोसत, कारण आपलं अक्षर तीन मजल्यांवर राहतं, वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार, आणि तिरपं केलं की वरचा मजला पुढे जातो, खालचा मागे.

माझी मुलगी फाइन आर्ट शिकली, तिच्याकडून मला ह्या अक्षराचा इतिहास कळला आणि तो ऐकून मला बाबांचीच आठवण झाली. इटॅलिक पहिल्यांदा आलं व्हेनिसला, आल्डुस मानुत्सिउस नावाच्या प्रकाशकाच्या छापखान्यात, १५०१ साली त्या अक्षरात अख्खं पुस्तक छापलं, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कोरले फ्रांचेस्को ग्रिफो ह्या कारागिराने. तेव्हा ते बारीक, हाताने भराभर लिहिल्यासारखं, वाचायचं अक्षर होतं, जोर द्यायचं नव्हतं. शेपट्या नसलेलं अक्षर खिळ्यात यायला १८१६ उजाडलं, लंडनच्या विल्यम कॅझलन चौथा ह्याने आणलं, तेही फक्त कॅपिटलमध्ये. जाड अक्षरं एकोणिसाव्या शतकातच पोस्टरांसाठी वाढली. आणि हे तिन्ही एकत्र, जाड, तिरपं, बिनशेपटीचं, नीट मापात बसवून मिळायला लागलं ते विसाव्या शतकात. १९५७ साली हेल्व्हेटिका आणि युनिव्हर्स हे दोन्ही टाइप आले, युनिव्हर्स काढणारा आद्रियां फ्रुटिगर, त्याने तिरपी अक्षरं पहिल्यापासूनच त्या टाइपच्या कुटुंबात धरली होती. मुलीने मला स्क्रीनवर दाखवलं, एकीकडे नीट काढलेलं तिरपं 'ओ' आणि दुसरीकडे नुसतं ढकललेलं. नीट काढलेल्यात जाडी बाजूबाजूने सारखी करून घेतलेली असते. बाबा ब्रशने तेच करायचे, त्यांना फ्रुटिगर माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आणि गोव्याने तरी ह्या बाबतीत मागे का राहावं? हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला. व्हेनिसमधल्या त्या इटॅलिकला तेव्हा ५५ वर्षं झालेली. पण देवनागरीचे खिळे इथे नव्हते, म्हणून फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण'सुद्धा १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापावं लागलं. भाषा आपली, अक्षर दुसऱ्याचं. ह्या सगळ्या छपाईच्या इतिहासावर ज्यांनी आयुष्य घातलं ते अ. का. प्रियोळकरही आपल्या प्रियोळचे, आमच्या माशेलपासून हाकेच्या अंतरावर. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचे इतके सुंदर खिळे पडले की आजही जुनं पुस्तक उघडलं की बोट फिरवावंसं वाटतं. पण तेही पोथीचं, ग्रंथाचं अक्षर, सरळ उभं. आपल्याकडे जोर द्यायला अक्षर तिरपं करायची जुनी रीत नाही. घाईने लिहायला मोडी होती, ती वेगळीच लिपी. म्हणजे जाड तिरपं देवनागरी अक्षर आपल्याकडे खऱ्या अर्थाने वाढवलं ते रस्त्यावरच्या पेंटर लोकांनी, त्यांच्याआधी ते असं कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि त्यांचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

आता फॉन्टचं बघा. आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठी टाइप करायला श्रीलिपी हे सॉफ्टवेअर होतं, त्याच्यावर आमची पोटं भरली, खोटं कशाला बोलू. मग युनिकोड आलं, विंडोजमध्ये मंगल आला, तो र. कृ. जोशी सरांनी काढलेला. आता तर मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या मंडळींचे मुक्ता, बालू असे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. मुक्ता मी रोज वापरते, त्याच्यात एकदम बारीकपासून एकदम जाडपर्यंत ७ वजनं आहेत. पण तिरपं एकही नाही. बालू इतका गुबगुबीत गोड, त्यातही नाही. तिरपे देवनागरी फॉन्ट आहेत थोडे, पण बसवर, नाटकाच्या बॅनरवर शोभेल असं दणकट, जाड, तिरपं, आपल्या मात्रा-उकारांचा विचार करून काढलेलं अक्षर हवं म्हटलं तर मला अजून मनासारखं मिळालेलं नाही. म्हणून तो बाण धरून ओढायचा.

आणि एकदा ओढायची सवय लागली की माणूस सगळंच ओढतो. नाटकाचं नाव तिरपं, ते ठीक, शोभतं. पण मग लेखक, दिग्दर्शक, कलाकारांची यादी, स्थळ, वेळ, तिकीट दर, सगळंच जाड तिरपं. सगळेच ओरडायला लागले तर ऐकू कोणाचं येणार? सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याच दुकानातून जत्रेच्या नाटकाचा एक बॅनर गेला. तारीख १९. मी ती जाड केली, तिरपी केली, आउटलाइन दिली, समितीतल्या मुलांना तसंच हवं होतं. ९ मधली फट बुजली आणि लांबून तो १ वाटायला लागला. शेजारच्या गावातली काही मंडळी ११ तारखेलाच येऊन देवळासमोर उभी राहिली, त्यात एक म्हातारे गृहस्थ होते ते दोन बस बदलून आलेले. मला दुसऱ्या दिवशी समितीच्या एका मुलाने सांगितलं, रागावला नाही, पण मला ते अजून लागून राहिलंय. तेव्हापासून तारीख, वेळ आणि फोन नंबर मी कधी तिरपं करत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. सरळ, मोकळं, मध्ये जागा सोडून. वाईट वाटलं तरी चालेल.

श्रद्धांजलीच्या बॅनरवरही हल्ली तेच अक्षर दिसतं आणि ते बघून मला खरंच कसंतरी होतं. माणूस गेलाय, घरात दिवा लावलाय, आणि बाहेर फाटकावर त्याचं नाव सेलच्या अक्षरात धावतंय. घरच्यांना त्या वेळी कुठलं भान असतं, ते दुकानदारावर सोडतात, म्हणून ही जबाबदारी आमची, डीटीपीवाल्यांची. तसंच पाण्याच्या नोटिसा, वीज बंद असल्याच्या नोटिसा, दवाखान्यातल्या खोल्यांची नावं. वाचणारा घाईत असतो किंवा चष्मा घरी विसरलेला असतो. रस्त्यावरचे गावांचे बोर्ड बघा, सरळ उभं अक्षर असतं, गाडी वेगाने चाललेली असताना बोर्डानेही पळायला लागलं तर वाचायचं कसं?

संपादकसाहेब, आता आपल्या पेपराबद्दल, राग मानू नका, माझ्या घरी हा पेपर लग्नाच्या आधीपासून येतो. आपल्या खेळाच्या पानावर मथळा जाड तिरपा असतो, मला आवडतो, गोल झाल्याचा आवाज त्यात येतो. पण गेल्या काही महिन्यांत पुरवणीत चार-पाच ओळींचे उपमथळे आणि फोटोखालच्या ओळीही तशाच ढकललेल्या अक्षरात येतायत. चवथीच्या पुरवणीत माटोळीवरचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीवरचा, लेख एवढा छान होता आणि त्यातली फळाफुलांची नावं त्या तिरप्या बारक्या टाइपात अशी अडकली होती की माझ्या आईने दोन ओळी वाचून पेपर खाली ठेवला. तिचं वय ७८ आहे आणि ती पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. तेवढं सरळ अक्षरात द्या, एवढीच विनंती. हे मोठ्या साइझचं अक्षर आहे, एक ओळ, फार तर दोन. त्याच्या खाली गेलं की ते आपलं राहत नाही.

दुसरी विनंती आल्तिनोच्या आपल्या गोवा कॉलेज ऑफ आर्टमधल्या मुलामुलींना, आपल्या पेपरातून. तुमच्यापैकी कोणी तरी हे अक्षर काढा. खरंच काढा, नुसता एक फॉन्ट म्हणून नाही, आपल्या इथल्या बसवरून, बोर्डांवरून, नाटकांच्या जुन्या पडद्यांवरून बघून काढा. कल फार नको, १०-१२ अंश पुरे, देवनागरीला त्यापेक्षा जास्त झेपत नाही हे माझं अनुभवाचं मत. मात्रा आपल्या कलाने राहू दे. अनुस्वार मागे घ्या. 'ष'चं पोट उघडं ठेवा. 'ष्ट', 'द्ध', 'श्र' ही जोडाक्षरं सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी काढा, कारण बॅनरवर 'श्री' आणि 'अध्यक्ष' ह्या दोन शब्दांशिवाय आमचा दिवस जात नाही. आकडे काढताना १ आणि ९ लांबून बघा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. आणि जे दोन-चार पेंटर अजून हाताने काम करतात, म्हापशाला, फोंड्याला, डिचोलीला अजून सापडतील, त्यांच्याकडे जाऊन बसा, ते उठून जायच्या आत. त्यांच्याकडे पुस्तक नाही, त्यांच्या मनगटात आहे ते.

मुलांना लागलं तर आमच्याकडे बाबांची एक पाटी आहे. एका बसमालकाने नाव बदललं म्हणून ती अर्धवट राहिली, बाबा जाऊन आता ११ वर्षं झाली तरी आम्ही ती माळ्यावर जपून ठेवलीय. पत्र्यावर दोन अक्षरं पूर्ण रंगवलेली आहेत, तिसऱ्याची नुसती कड मारलेली, आणि पुढे रिकाम्या जागेत त्यांच्या खडूच्या तिरप्या रेघा, आम्ही हात लावत नाही म्हणून अजून तशाच आहेत. फोटो सोबत पाठवतेय. कोणाला प्रत्यक्ष बघायची असेल त्याने माशेलला यावं, पावसाच्या आधी आलं तर बरं, माळा गळतो म्हणून जूनमध्ये ती आम्ही कापडात गुंडाळून ठेवतो.

आपली एक जुनी वाचक,
माशेल, गोवा